काम सुटल्यावर हाताचे घट्टे जायला किती वेळ लागतो

सरळ उत्तर आधी देतो, कारण हे शोधत येणाऱ्याला तेच हवं असतं. एखाद्या सीझनमध्ये पडलेले वरवरचे घट्टे काम थांबल्यावर महिना-दीड महिन्यात बरेचसे निघून जातात. तीन-चार वर्षं रोज एकाच जागी दाब बसून झालेले असतील तर चार-सहा महिने धरा. आणि ज्या माणसाने आयुष्यभर एकच अवजार धरलंय त्याचा घट्टा वर्षभरात मऊ होतो, पातळ होतो, पण पूर्ण जाईलच असं नाही, काही जणांच्या तळहातावर पिवळसर, जराशी चकाकणारी जागा शेवटपर्यंत राहते. हा हिशोब आमच्या घरातल्या आणि आजूबाजूच्या हातांवरून केलेला आहे, मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांना विचारून, वाचून जे कळलं ते पण खाली लिहिलंय.

आमचं घर सुतारांचं. गोव्यात फोंड्याजवळचं गाव. बाबा मेस्त म्हणजे सुतार, आजोबा मेस्त, आणि मी पण बारावीनंतर बरीच वर्षं बाबांच्या हाताखाली होतो. दारं-खिडक्या, चौकटी, नवरात्र जवळ आली की देवळातल्या मखराची डागडुजी, आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे पंधरा दिवस तर विचारूच नका, अख्ख्या वाड्याला माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-घोस टांगायची, चौकट आत्ताच्या आत्ता हवी असते आणि प्रत्येकाची गेल्या वर्षीची वाळवीने खाल्लेली असते. मग मला वेर्ण्याला एका फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये नोकरी लागली. कॉम्प्युटर, बारकोड आणि दिवसभर एसी. त्यानंतर थोड्याच काळात गुडघ्यांमुळे बाबांनी पण काम बंद केलं. म्हणजे एकाच घरात दोन जोड्या हात, एक काही वर्षं काम केलेला, एक चाळीसेक वर्षं काम केलेला, दोघांनी पाठोपाठ अवजार खाली ठेवलं. तेव्हापासून मी हे बघत आलोय.

सुताराच्या हातावर घट्टे कुठे असतात ते आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. उजव्या हाताच्या करंगळी आणि अनामिकेच्या मुळाशी हातोडीचे, कारण दांड्याची खरी पकड तिथे असते. तळहाताच्या खालच्या मांसल उंचवट्यावर रंध्याचा, म्हणजे लाकूड तासायच्या अवजाराचा, हा सगळ्यात रुंद. तर्जनीच्या आतल्या बाजूला करवतीच्या मुठीचा. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बाजूला पटाशी, म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी, धरून धरून झालेला एक लांबट. बाबांचा रंध्याचा घट्टा इतका कडक होता की त्यावर नखाने टकटक केलं तर लाकडावर केल्यासारखा आवाज यायचा, आणि कडांना तो जरा फुटलेला असायचा त्यामुळे रेशमी कापडाचे धागे अडकायचे. लग्नाला जायचं असलं की आई आपल्या साडीची घडी बाबांच्या हातात द्यायची नाही, मलाच बोलवायची.

असे हात गोव्यात सगळीकडे आहेत, फक्त बघायची सवय पाहिजे. पाडेली माडावर चढतो त्याचे तळहात आणि तळपाय दोन्ही बघा. मोटरसायकल पायलटच्या, म्हणजे भाड्याने मोटरसायकलवरून माणसं नेणाऱ्याच्या, उजव्या तळहातावर एक्सिलरेटरचा घट्टा असतो, डाव्यावर त्यामानाने कमी. चिरेखाणीवर काम करणारे, मिठागरातले, होडी वल्हवणारे, कोयता घेऊन दिवसभर कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, फिरणारे, प्रत्येकाची जागा वेगळी. इटलीत बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाचे डॉक्टर होते, त्यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर लिहिलं आणि त्यात सांगितलं की पेशंटला बाकी सगळं विचारता तसं तुझा धंदा काय हे पण विचारा. आता तीनशे वर्षं होऊन गेली, तरी कितीतरी डॉक्टर हा प्रश्न विचारत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हात समोर टेबलावर ठेवलेला असतो आणि अर्धं उत्तर त्यावरच असतं.

आता घट्टा होतो कसा. कातडीच्या सगळ्यात खालच्या थरात नवीन पेशी तयार होत राहतात, त्या हळूहळू वर सरकतात, वर येईपर्यंत मरतात, त्यांच्यात केराटिन नावाचं टणक प्रथिन भरतं आणि शेवटी त्या आपोआप झडून जातात. बाकीच्या अंगावर हा प्रवास साधारण महिना-दीड महिन्याचा असतो. तळहात आणि तळपायावर हा मेलेला वरचा थर मुळातच कितीतरी पट जाड असतो त्यामुळे तिथे वेळ जास्त. त्यावर रोज दाब आणि घर्षण बसायला लागलं की दोन गोष्टी एकदम होतात, खालून पेशी भराभर यायला लागतात आणि वरच्या पेशी एकमेकींना चिकटून बसतात, वेळेवर झडत नाहीत. थर चढत जातो. घर्षण एकदम जोरात आणि नवख्या हातावर बसलं तर घट्टा होत नाही, फोड येतो, थरांच्या मध्ये फट पडून पाणी भरतं. हळूहळू, रोज, थोडं थोडं बसलं तर घट्टा. म्हणून नवीन पोराला पहिल्या आठवड्यात फोड आणि मग पुढे घट्टा.

काम बंद केलं म्हणजे घट्टा दुसऱ्या दिवसापासून कमी का होत नाही, हे पण यातच आहे. विहिरीवरची मोटर बंद केली तरी पाइपात असलेलं पाणी यायचं तेवढं येतंच ना, तसं. खालचा थर शांत व्हायलाच काही आठवडे जातात, आणि वर जे साठलंय ते वरूनच झडणार, एकेक पापुद्रा. जितकी जाडी तितका वेळ. बाकी सगळे उपाय या झडण्याला थोडी मदत करतात, एवढंच.

माझ्या हाताचं सांगतो. मी जूनमध्ये नोकरीला लागलो, पावसाळा नुकताच सुरू झालेला. पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक नाही, उलट घट्टे जास्त कडक वाटायला लागले, एसीच्या कोरड्या हवेमुळे असेल. मग करवतीचा, तर्जनीच्या बाजूचा, तो सगळ्यात आधी सुटायला लागला, कडेने पांढरा पडला आणि आंघोळीनंतर टॉवेलने पुसताना साल निघायची. चवथीपर्यंत तिथे नवीन गुलाबी कातडी आली होती. हातोडीचे बोटांच्या मुळाशी असलेले दिवाळीपर्यंत राहिले, दिसायचे नाहीत पण बोटाने चाचपले तर लागायचे. रंध्याचा मात्र शिगमो, म्हणजे आपली होळी, आला तरी होता. पातळ झालेला, दाबल्यावर आत जाणारा, पण होता. आज तिथे हात फिरवला तर बाकीच्या तळहातापेक्षा ती जागा गुळगुळीत लागते, रेषा आहेत पण बारीक. ही जागा आता अशीच राहणार असं मी धरून चाललोय आणि त्याचं मला काही वाटत नाही.

पावसाचा यात वाटा आहे असं माझं मत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर हात कधी पूर्ण कोरडे नसतातच, आणि ओलसर घट्टा मऊ पडून लवकर सुटतो. तेच डिसेंबर-जानेवारीत काम सोडलेल्याचे घट्टे भेगाळतात. भेग खोल गेली, रक्त आलं तर त्यातून इन्फेक्शन होऊ शकतं, त्यामुळे थंडीत तेल-क्रीम लावायचा कंटाळा करू नका.

घट्टे किती लवकर जातात हे बघायचं असेल तर मासेमारी बंदीच्या दिवसांत जेटीवरच्या लोकांना विचारा. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात. ट्रॉलरवर काम करणारा एक ओळखीचा माणूस सांगत होता की त्या दोन महिन्यांत दोरीचे घट्टे निम्म्याहून जास्त जातात, गावी जाऊन शेतीच्या कामाला लागला तर जागा बदलतात, नुसता बसून राहिला तर हात "पोराच्या हातासारखे" होतात. आणि मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाळं ओढायला घेतलं की सगळ्यांचे हात फुटतात. मिठाचं पाणी, ओली नायलॉनची दोरी आणि मऊ पडलेली कातडी. त्याचं म्हणणं असं की बंदी उठल्यावरचे पहिले आठ दिवस वर्षातले सगळ्यात दुखरे असतात, मासे भरपूर असतात आणि हात चालत नाहीत. हे ऐकल्यापासून माझं मत पक्कं झालं की ज्याला परत त्याच कामावर जायचंय त्याने घट्टे पूर्ण काढायच्या भानगडीत पडूच नये.

मला स्वतःला ते पुढच्या चवथीला कळलं. घरची माटोळी कुणाकडून करून घ्यायची हा प्रश्नच नव्हता, मी करवत काढली, मत्तीच्या लाकडाच्या दोन पट्ट्या कापायच्या होत्या फक्त. पूर्वी असली कामं बोलता बोलता व्हायची. दुसरी पट्टी अर्धी झाली तोवर तर्जनीच्या बाजूला, बरोब्बर जुन्या घट्ट्याच्या जागी, पाण्याचा फोड. बाबा खुर्चीवर बसून बघत होते, म्हणाले, "रुमाल बांध मुठीला, आता तुझा हात तो राहिला नाही रे." माटोळी पूर्ण झाली, नारळ-सुपारीचे घोस, कांगलां, सगळं वेळेवर टांगलं, पण तो फोड विसर्जनानंतरही चुरचुरत होता. शरीराने इतक्या वर्षांत जे संरक्षण बांधलं होतं ते काही महिन्यांत उतरवून ठेवलं होतं, कारण त्याची गरज संपली होती. किती शहाणी गोष्ट आहे ही कातडी.

म्हणून माझा सल्ला दोन भागांत. काम चालू असेल तर घट्टा ठेवा, फक्त सपाट ठेवा. उंच, कडक, कडा उचललेला घट्टा अवजारात अडकतो आणि मग खालच्या जिवंत कातडीसकट फाटतो, ते महिनाभर भरत नाही. आठवड्यातून एकदा गरम पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून टाचा घासायच्या दगडाने हलक्या हाताने वरचा टप्पा खाली आणायचा, गुलाबी दिसायच्या खूप आधी थांबायचं. आमच्याकडे पूर्वी बाबा हातावर सरळ पॉलिश पेपर मारायचे, बारीक नंबरचा, कोरड्या हातावर. सुतारकामात बरेच जण करतात ते. चालतं, पण हात ओला आणि मऊ करून घासला तर कमी घासून भागतं.

काम सुटलं असेल तर जरा पुढे जाता येतं. रोज रात्री हात धुऊन, अर्धवट ओले असतानाच तेल किंवा क्रीम. आपल्याकडे भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, बियांचं तेल घराघरात असतं, टाचांच्या भेगांना लावतो ते, हातालाही छान. पण तेल कातडी मऊ ठेवतं, आतलं पाणी उडू देत नाही, जाड थर ते सोडवत नाही. थर सोडवायचा असेल तर मेडिकलमध्ये युरिया असलेलं क्रीम मिळतं, त्यावर टक्के लिहिलेले असतात. दहा टक्क्यांचं रोजच्या वापराला, वीसचं जाड घट्ट्याला, चाळीसचं फक्त डॉक्टरने सांगितलं तर आणि फक्त घट्ट्यावर, आजूबाजूला नाही. लॅक्टिक अ‍ॅसिडवाली पण असतात. कुरूपावर लावायच्या पट्ट्या मिळतात त्यात सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं, त्या घट्ट्याला लावल्या तर थर पांढरा होऊन निघतो खरा पण बाजूची चांगली कातडी पण जळते, आणि डायबेटिस असलेल्याने तर त्या वापरायच्याच नाहीत.

बरेच लोक म्हणतात घट्ट्याचं मूळ काढायला पाहिजे, नाहीतर परत येतो. घट्ट्याला मूळ नसतं. कुरूपाच्या मध्ये टणक खुंटीसारखा भाग असतो आणि तो आत टोचतो, तिथून हा समज आला असावा. घट्टा परत येतो कारण दाब परत येतो. मूळ शोधायला ब्लेडने खणत गेलात तर हाती फक्त जखम लागेल.

ब्लेडबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आणि बिब्ब्याबद्दल, काजूच्या तेलाबद्दल पण. जुन्या लोकांमध्ये बिब्बा तापवून भेगांवर टेकवायची पद्धत होती, आपल्याकडे काजूच्या बियेच्या टरफलातलं काळं तेल पण लावतात. काजूच्या सीझनमध्ये, मार्च ते मे, ज्या बायका बिया फोडतात त्यांच्या बोटांची सालं कशी निघतात ते बघितलंय ना? ते तेल कातडी जाळतं. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले, दोघांचाही चीक जाळणारा, आणि एखाद्याला त्याची अ‍ॅलर्जी असली तर हात मनगटापर्यंत सुजून पाणी गळायला लागतं. घट्टा त्याने निघतो यात शंका नाही, पण सोबत काय काय निघेल ते आपल्या हातात राहत नाही.

डायबेटिसचा मुद्दा वेगळा काढतो कारण तो गोव्यात घरोघरी आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा जो मोठा सर्व्हे २०२३ साली आला त्यात मोठ्या माणसांमधलं डायबेटिसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. चारातला एक माणूस. साखर वर्षानुवर्षं वाढलेली असेल तर हातापायांची संवेदना कमी होते, ब्लेड किती आत गेलं ते कळत नाही, आणि झालेली जखम भरत नाही. गावातल्या एका काकांनी तळपायाचा घट्टा घरच्या घरी दाढीच्या ब्लेडने काढला होता, दुखलं नाही म्हणून खोल गेले, आणि पुढे बोट काढावं लागलं. हाताला रक्तपुरवठा चांगला असतो, पायाइतका धोका नाही, तरी डायबेटिस असेल तर दगडसुद्धा अगदी जपून, आणि पायाचा घट्टा डॉक्टरशिवाय नाहीच.

बोटांच्या ठशांचं पण या विषयात येतं. बाबांचं काम चालू होतं तेव्हा एका कार्यालयात अंगठा लावायला गेलो होतो. मशीन घेईना. हा अंगठा, तो अंगठा, सगळी बोटं झाली. काउंटरवरच्या माणसाने बाबांना सांगितलं, साबणाने नीट हात धुऊन या, आणि हे सगळ्या लाइनीसमोर. बाबा गेले, धुऊन आले, परत तेच. ते घरून निघायच्या आधी आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून आले होते. मला तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही. हात मळलेला नव्हता, पॉलिश पेपर आणि लाकूड घासून घासून बोटांच्या टोकाच्या रेषाच झिजलेल्या होत्या. गवंडी, चिरेखाणीवरचे, मिठागरातले, भांडी घासणाऱ्या बायका, सगळ्यांना हा त्रास होतो आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही.

या रेषा परत येतात, हे मुद्दाम लिहितो कारण कुणी सांगत नाही. ठशाचं डिझाइन आईच्या पोटात सहाव्या महिन्यापर्यंत पक्कं झालेलं असतं आणि ते वरच्या थरात नसतं, खाली, जिथे वरची कातडी आतल्या कातडीला जोडलेली असते तिथे असतं. वरून घासून गेलं तरी खालचा साचा तसाच राहतो. काम थांबलं की काही आठवड्यांत रेषा दिसायला लागतात. बाबांचे ठसे काम बंद केल्यावर चार-पाच महिन्यांनी मशीनने घेतले, पहिल्या फटक्यात. ज्यांचं काम चालू आहे त्यांनी हे करून बघा, आदल्या रात्री बोटांच्या टोकांना क्रीम, सकाळी पुसून टाकायचं, बोट अगदी कोरडं असेल तर किंचित ओलसर करून लावायचं, अंगठा लागला नाही तर दुसरी बोटं लावून बघायची. आणि आधारमध्ये दहा बोटांसोबत दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा पण घेतलेला असतो, बोट लागत नसेल तर दुसरा मार्ग मागायचा तुम्हाला हक्क आहे. मागा. लाजू नका.

आता बाबांचे घट्टे. हातोडीचे गेले, वर्ष लागलं. पटाशीचा गेला. रंध्याचा माझ्यासारखाच राहिलाय, जास्त पिवळा. पण उजव्या तळहातावर, अनामिकेच्या खाली, जिथे तळहातावरची आडवी रेषा जाते तिथे एक गाठ होती, ती काही जाईना. आम्ही तिला घट्टाच समजत होतो, बाबा रोज तेल चोळायचे. बाकीचे मऊ पडले तशी ती जास्तच वेगळी दिसायला लागली. वरची कातडी जाड नव्हतीच, गाठ आत होती, आणि तिथे कातडी खड्डा पडल्यासारखी आत ओढलेली. दुखत नव्हती म्हणून बाबा डॉक्टरकडे यायला तयार नव्हते, शेवटी शुगरच्या चेकअपला गेलो तेव्हा मी हात पुढे करायला लावला.

डॉक्टरांनी फक्त एवढंच सांगितलं की तळहात टेबलावर पालथा ठेवा आणि सपाट दाबा. बाबांची अनामिका टेबलाला टेकेना, खाली पेन्सिल जाईल एवढी फट. कातडीखाली तळहातभर पसरलेला एक पांढरा चिवट पडदा असतो, तो जाड होऊन आखडत जातो आणि बोट हळूहळू आत ओढतो. गियोम ड्युपिट्रेन या फ्रेंच सर्जनच्या नावावरून त्या आजाराला नाव आहे, त्यांनी १८३१ साली त्याच्या ऑपरेशनबद्दल सांगितलं होतं. डायबेटिसवाल्यांमध्ये तो जास्त आढळतो, वर्षानुवर्षं हाताने जड काम केलेल्यांमध्येही. तो घट्टा नाही, तेलाने, युरियाने, घासण्याने जाणारा नाही. बाबांचं बोट अजून फारसं वाकलेलं नाही त्यामुळे सध्या नुसतं लक्ष ठेवायचं, दर काही महिन्यांनी टेबलावर हात ठेवून बघायचं. फट वाढली तर पुढचं बघता येतं.

त्याच वेळी डॉक्टरांनी नमस्कार करायला लावला. दोन्ही तळहात जुळवून, बोटं बोटांना टेकवून. बराच काळ डायबेटिस असलेल्यांची कातडी आणि सांधे ताठ होत जातात आणि नमस्कार करताना तळहातांच्या आणि बोटांच्या मध्ये फट राहते. देवासमोर रोज हात जोडणारा माणूस आणि ते कधी लक्षात आलं नव्हतं. तुमच्या घरात कुणी साखरेचं औषध घेत असेल तर आजच नमस्कार करायला लावा आणि बाजूने बघा.

घट्टा आहे की दुसरं काही, हे घरी बऱ्यापैकी ओळखता येतं. घट्ट्यावरून तळहाताच्या रेषा सरळ जातात, जाड झालेल्या पण तुटलेल्या नसतात. चामखिळीत रेषा तुटतात, बाजूने वळून जातात, आणि वरचा थर घासला तर बारीक काळे ठिपके दिसतात. घट्ट्याला खाज येत नाही. जाड कातडी, भेगा आणि सोबत खाज असेल तर तो बहुतेक वेळा एक्झिमा असतो, सिमेंटमध्ये काम करणाऱ्यांना तर खूप होतो, आणि तो काम थांबवून आपोआप बरा होईल म्हणून बसलात तर बसूनच राहाल, त्याला औषध लागतं. दोन्ही तळहात सारखेच जाड, अवजार न लागणाऱ्या जागीसुद्धा, तरी दाखवून घ्या. आणि घट्ट्याच्या जागेला गरम-गार, टोचलेलं कळत नसेल तर थांबू नका.

मी हे लिहीत असताना शेजारचा एक मुलगा नुकताच सुतारकामाला लागलाय, त्याचे हात फोडांनी भरलेत, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी शेवटचं. फोड फोडू नका, वरची कातडी तशीच राहू द्या, फुटलाच तर धुऊन पट्टी बांधा. हातोडीच्या, करवतीच्या मुठीला जुन्या सायकल ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, घसरणं कमी झालं की फोड अर्धे कमी होतात. मूठ तुमच्या हाताच्या मानाने फार बारीक असेल तर जाड करून घ्या, बारीक मुठीला जास्त आवळून धरावं लागतं. ग्लोव्हज घालायचे तर बोटांना घट्ट बसणारे घ्या, सैल ग्लोव्हजच्या आत कातडी घासते आणि उघड्या हातापेक्षा वाईट फोड येतात. घामाने ओले झाले की बदला, दुसरा जोड पिशवीत असू दे. फिरत्या मशीनजवळ, राउटर आणि गोल करवतीजवळ, ग्लोव्हज काढून ठेवा, तिथे ते हात आत ओढतात.